रक्तातले सिरोटोनिन आणि मनातले दुःख

गेल्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाकावर एक वडील आणि त्यांचा मुलगा माझी वाट पाहत बसले होते. वडील माझ्या जुन्या ओळखीचे, आमच्या नरपडचेच. सारे आयुष्य चिकूच्या वाडीत गेले. मधुमेहाने हळूहळू दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली आणि गेले दीड वर्ष आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे. मुलगा वापीला कारखान्यात नोकरी करतो. त्याने रक्ततपासणीचा एक कागद माझ्यासमोर ठेवला. एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता.

"डॉक्टर, बाबा हल्ली बोलत नाहीत, नीट जेवत नाहीत. मोबाइलवर वाचले की सिरोटोनिन कमी झाले की माणूस उदास होतो. म्हणून ही तपासणी करून घेतली. बघा, कमीच आहे. केळ्याने सिरोटोनिन वाढते म्हणतात. पण डायलिसिसच्या ठिकाणी तर केळे बंद करायला सांगितले आहे. मग आता काय करू?"

मुलगा मनापासून बोलत होता. बापासाठी त्याने सुट्टी काढली होती, पदरचे पैसे खर्चले होते. वडील मात्र खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे आणि ते मात्र त्या खोलीतच नाहीत, असे वाटावे. मी कागद उलटा करून ठेवला आणि त्यांना विचारले, "काका, तुम्हाला काय वाटते? बरे वाटते का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दीड वर्षात हे पहिल्यांदा कोणी विचारले."

वाचकहो, हे वाक्य मलाही लागले, कारण त्या दीड वर्षात ते माझ्याकडेही अनेकदा येऊन गेले होते. मी रक्तदाब पाहिला होता, पायाची सूज दाबून पाहिली होती, साखर तपासली होती. हा प्रश्न मात्र विचारला नव्हता. म्हणून आजचा लेख सिरोटोनिनच्या त्या आकड्यावर आणि न विचारलेल्या त्या प्रश्नावर.

हे सिरोटोनिन असते तरी काय?

१९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या संस्थेत मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज या तिघांनी रक्तातून एक द्रव्य वेगळे केले. त्यांना मनाशी काही कर्तव्य नव्हते. ते रक्तदाबाच्या मागे होते. रक्त गोठले की जो द्रव सुटतो त्याला सिरम म्हणतात. त्या सिरममध्ये रक्तवाहिन्या आकुंचित करणारे काहीतरी असते हे ठाऊक होते, ते काय हे त्यांनी शोधले. सिरममधले आणि रक्तवाहिनीचा ताण, म्हणजे टोन, वाढवणारे म्हणून सिरोटोनिन. हेच द्रव्य इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामर यांना आतड्यात आधीच सापडले होते. मेंदूतही ते असते हे पुढे १९५३ साली बेट्टी ट्वारोग आणि पेज यांनी दाखवले. त्यानंतरच मनाशी त्याचे नाव जोडले गेले.

योगायोग पाहा. कृत्रिम मूत्रपिंड बनवणारे डॉ. विलेम कोल्फ १९५० साली याच क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये दाखल झाले. त्यांनी आपले यंत्र १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, युद्धाच्या धामधुमीत तयार केले होते. सुरुवातीचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रावर शुद्धीवर आली, आणि मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसालाही परत आणता येते हे जगाला समजले. म्हणजे आजच्या लेखातली दोन्ही पात्रे, सिरोटोनिन आणि डायलिसिस, काही काळ एकाच छपराखाली नांदली आहेत.

आता महत्त्वाची गोष्ट. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन डोक्यात नसते, ते पोटात, आतड्याच्या अस्तरात तयार होते. डाळ, दूध, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो, त्यापासून ते बनते. तेथून ते रक्तात उतरते आणि रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, ते उचलून आपल्या पोटात साठवतात. कोठे जखम झाली की त्या ते सोडतात, रक्तवाहिनी आकसते आणि रक्त थांबायला मदत होते. रक्तातल्या सिरोटोनिनचे हे असे साधे, उपयोगी काम आहे.

मेंदू आपले सिरोटोनिन आपल्या घरीच बनवतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक चौकी बसवली आहे. ट्रिप्टोफॅनला त्या चौकीतून आत सोडले जाते, सिरोटोनिनला नाही. त्यामुळे रक्तातला आकडा पाहून मेंदूत काय चालले आहे हे सांगणे म्हणजे गावच्या विहिरीचे पाणी मोजून समुद्राची भरती सांगण्यासारखे आहे.

डायलिसिसच्या रोग्यात हा आकडा का बदलतो?

तो बदलतो हे खरे आहे, त्याची कारणे मात्र मनाची नसून मूत्रपिंडाची आहेत.

मूत्रपिंडे निकामी झाली की ट्रिप्टोफॅनचा शरीरातला हिशेबच बिघडतो. अंगात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे त्याचा मोठा वाटा दुसऱ्याच रासायनिक वाटेने खर्ची पडतो. काही भाग आतड्यातले जंतू वापरतात. त्यापासून पुढे यकृतात इंडॉक्सिल सल्फेट नावाचे विषारी द्रव्य बनते. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे टाकून देते. डायलिसिसच्या यंत्राला ते नीटसे काढता येत नाही, कारण ते रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून राहते.

दुसरे, साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे प्लेटलेटच दुबळ्या होतात. त्यांची सिरोटोनिनची कोठारे अर्धवट भरलेली असतात. डायलिसिसच्या रोग्याच्या हिरड्यांतून रक्त येते, सुई काढल्यावर हातातले रक्त लवकर थांबत नाही, त्यामागे प्लेटलेटचा हा दुबळेपणा हे एक कारण असते. त्यातच चार-चार तास रक्त यंत्रातून फिरते, ते गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते. या साऱ्याचा प्लेटलेटवर परिणाम होतो.

तिसरे, तपासणीची पद्धत. संपूर्ण रक्तातले सिरोटोनिन मोजले, प्लेटलेटमधले मोजले, की प्लेटलेट काढून उरलेल्या रक्तद्रवातले मोजले, यावर उत्तर अवलंबून असते. रक्त काढताना किंवा नेताना प्लेटलेट फुटल्या तर आतले सिरोटोनिन बाहेर सांडते आणि आकडा फुगतो. म्हणूनच डायलिसिसच्या रोग्यांवरील अभ्यासांत कोठे हा आकडा कमी, कोठे जास्त असे उलटसुलट निष्कर्ष आढळतात. या तपासणीचा एक खरा उपयोग आहे, तो आतड्यातल्या किंवा फुप्फुसातल्या एका विशिष्ट प्रकारच्या, सिरोटोनिन सोडणाऱ्या गाठींचा माग काढण्यासाठी. उदासीचे मोजमाप म्हणून नाही.

आणि एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल तर ही गोष्ट ऐका. नैराश्यावर आम्ही सर्रास देतो त्या सर्ट्रालीनसारख्या गोळ्या पेशींचा सिरोटोनिन उचलण्याचा दरवाजा बंद करतात. तोच दरवाजा प्लेटलेटलाही असतो. त्यामुळे या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातले सिरोटोनिन खूपच खाली येते. म्हणजे रोगी हसू लागला, जेवू लागला, आणि तपासणीचा आकडा मात्र आधीपेक्षा वाईट! ज्या आकड्याची दिशा माणूस बरा होताना उलटी जाते, त्या आकड्याने माणसाचे मन कसे मोजायचे?

२०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सिरोटोनिन कमी झाल्यामुळेच नैराश्य येते याला ठाम पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. त्याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी आहेत असा कोणी घेऊ नये. ताप पॅरासिटामॉलने उतरतो, म्हणून शरीरात पॅरासिटामॉल कमी पडले होते असे आपण म्हणत नाही. इथेही तसेच आहे.

केळ्याचा धोका

त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. केळ्यात सिरोटोनिन असते हे खरे. पण ते मेंदूच्या चौकीशीच अडते. केळ्यातली दुसरी वस्तू मात्र कोठेच अडत नाही, ती म्हणजे पोटॅशियम. एका मध्यम केळ्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसभरात साधारण दोन ग्रॅमच्या आसपास राहायला सांगितले जाते. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पोटॅशियम रक्तात साठत जाते आणि मर्यादेबाहेर गेले की हृदय अचानक थांबू शकते. आधी छातीत दुखतेच असे नाही. शहाळ्याचेही तसेच. आमच्या किनाऱ्यावर कोणी आजारी पडले की शेजारी पहिल्यांदा शहाळे घेऊन येतात. प्रेमाने आणतात, पण डायलिसिसच्या रोग्याला ते प्रेम महागात पडू शकते.

याहून घातक म्हणजे मन प्रसन्न करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि कॅप्सूल. त्यांत ट्रिप्टोफॅन किंवा त्यापासून बनवलेली द्रव्ये असतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसात ती कोणत्या वाटेने जातील याचा भरवसा नाही. वर सांगितलेले विषारी द्रव्य त्यातूनच वाढू शकते. त्यातच कोणी नैराश्याची गोळी घेत असेल आणि दुखण्यावर ट्रॅमाडॉलही चालू असेल, तर मेंदूतले सिरोटोनिन एकाएकी वाढून थरथर, घाम, ताप, बेचैनी, झटके असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. म्हणून डायलिसिसच्या रोग्याने एकही गोळी, मग ती ऍलोपॅथीची असो की झाडपाल्याची, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक चूक मला घरोघर दिसते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रथिने कमी करायला सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर तो सल्ला बदलतो, पण घरात जुनाच चालू राहतो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात, त्यामुळे ते आता जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडे अधिक. ताजी मासळी, अंड्याचा पांढरा भाग बेताने द्यायला हरकत नसते. टाळायचे ते सुकट आणि सुके बोंबील, कारण त्यांतले मीठ तहान वाढवते आणि तहान पाणी वाढवते. वर्षभर पातळ भातावर ठेवलेला माणूस गप्प बसतो, तेव्हा त्यात उपासमारीचाही वाटा असू शकतो.

दुःख मात्र खरे आहे

आकडा खोटा म्हणून दुःख खोटे, असे मात्र मुळीच नाही. २०१३ साली जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. डायलिसिसवरच्या रोग्यांकडून प्रश्नावली भरून घेतली तर शंभरातल्या सुमारे ३९ जणांत नैराश्याची लक्षणे दिसतात आणि नीट मुलाखत घेऊन निदान केले तरी सुमारे २३ जणांत नैराश्याचा आजार सापडतो, असे त्यात आढळले. म्हणजे चार-पाच खाटांच्या डायलिसिसच्या खोलीत शिरलात, तर त्यातला निदान एक जण आतून खचलेला असतो, असे समजा.

आणि का खचू नये? निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. यंत्र करते १२ तास. उरलेल्या १५६ तासांचा भार त्या माणसाने आपल्या जिभेवर आणि तहानेवर सोसायचा. ज्याने चाळीस वर्षे चिकूची झाडे जपली, त्याने चिकूची फोड मोजून खायची. समुद्राकाठी मे महिन्याच्या घामात दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून प्यायचे. २०१३ च्या एप्रिलपासून डहाणू रोडपर्यंत विरारची लोकल धावू लागली आणि आमच्या रोग्यांची मोठी सोय झाली. तरीही पहाटेचे अंधारात निघणे, दोन जाड सुया, चार तास खाटेला खिळणे आणि परतीच्या गाडीत गळून गेलेले अंग, हे चुकत नाही. वर्षाला अशा १५६ फेऱ्या होतात. बरोबर जाणाऱ्याची मजुरी बुडते आणि ते रोग्याला रोज दिसत असते.

पैशाची बाजू सरकारने काहीशी सावरली आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. २०१६ साली केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. ज्यांना पूर्वी शेत विकावे लागले असते, त्यांचे डायलिसिस आज होऊ शकते, ही लहान गोष्ट नाही. पण यंत्र, सुई, औषध या साऱ्यांची तरतूद झाली; माणसाशी बोलण्याची तरतूद कोणत्याच रकान्यात नाही.

माझी एक चूक सांगतो

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक रोगी, निवृत्त शिक्षक, डायलिसिसवर होते. एके संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आले आणि उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, आता पुरे झाले असे वाटते." बाहेर वीस-पंचवीस रोगी ताटकळत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "गुरुजी, तुम्हीच असे बोलायला लागलात तर कसे व्हायचे? देवाचे नाव घ्या." ते हसले आणि गेले.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी लागोपाठ दोन डायलिसिस चुकवले. घरच्यांना वाटले, मशीन बंद असेल. केंद्राला वाटले, गावी गेले असतील. रात्री धाप लागलेल्या अवस्थेत त्यांना आणले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी मुद्दाम जाणे टाळले की अंगात त्राणच नव्हते, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मला सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

एखादा वयोवृद्ध, अनेक व्याधींनी गांजलेला रोगी शांतपणे, विचार करून, घरच्यांशी बोलून डायलिसिस नको असे ठरवू शकतो. तो त्याचा अधिकार आहे आणि तो निराळा विषय आहे. पण तो निर्णय त्याचा आहे की त्याच्या नैराश्याचा, हे पाहिल्याशिवाय आपण मान डोलवू नये.

जिवंतपणीची श्रद्धांजली

मी प्राथमिक शाळेत असताना एक प्रसंग घडला, तो अशा वेळी मला हटकून आठवतो. जयप्रकाश नारायण यांना आणीबाणीत अटक झाली होती. १९७५ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. तेव्हापासून अखेरपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्याच अवस्थेत त्यांनी विरोधी पक्ष एकत्र आणले आणि १९७७ च्या मार्चमध्ये देशाचे सरकार बदलले. आठवड्याआठवड्याला यंत्राला जोडला जाणारा माणूस काय करू शकतो याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशात नाही.

पण १९७९ च्या मार्चमध्ये एके दिवशी काय झाले? जयप्रकाश गेल्याची चुकीची बातमी संसदेत जाहीर झाली. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. आणि ते मुंबईत जसलोकमध्ये जिवंत होते! पुढे सहा महिन्यांहून अधिक काळ ते जगले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

त्या दिवशी दिल्लीत जे एकदा चुकून झाले, ते आपण घराघरांत रोज करतो. डायलिसिसवरचा माणूस ओसरीवर बसलेला असतो आणि शेजारी त्याच्या बायकोला विचारतात, "यांचे आता कसे आहे?" लग्नाच्या बोलणीत त्याला विचारत नाहीत. वाडीचा हिशेब त्याला दाखवत नाहीत. त्याला त्रास नको, असा आपला चांगला हेतू असतो. पण त्याला ती जिवंतपणीची श्रद्धांजलीच वाटते.

मग करायचे काय?

प्रथम शरीराची कारणे शोधावीत. थकवा, भूक न लागणे, झोप न येणे ही नैराश्याची लक्षणे आहेत तशीच अपुऱ्या डायलिसिसचीही आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, डायलिसिस पुरेसे होते की नाही, अंगाची खाज, रात्री पायांची चुळबुळ, हे पाहावे. सिरोटोनिनच्या तपासणीत घालवायचे पैसे इथे लावावेत.

दुसरे, दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होते का? आणि ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटे त्यांत रस उरला नाही, असे झाले का? यातल्या एकाचेही उत्तर होय असेल तर पुढची चौकशी नीट बसून करावी. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट शिरलेला असेल तर त्याला वाट मिळते.

तिसरे, उपचार आहेत. २०१९ साली अमेरिकेत डायलिसिसवरच्या १२० नैराश्यग्रस्त रोग्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सर्ट्रालीन दिले. निम्म्यांशी प्रशिक्षित समुपदेशकाने डायलिसिस चालू असतानाच, खुर्चीशेजारी बसून, ठरावीक पद्धतीने बोलणे केले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची उदासी कमी झाली होती. गोळीचा गुण किंचित जास्त आला, पण दुष्परिणामही तिचेच जास्त. गोळी द्यायची तर कमी मात्रेने सुरू करावी, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे, गुण यायला काही आठवडे लागतात हे घरच्यांना सांगावे आणि ती मनाने एकदम बंद करू नये.

चौथे, जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आणि माझी एक मागणी आहे, ती डायलिसिस केंद्रांकडे, योजना चालवणाऱ्यांकडे आणि माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरांकडेही. प्रत्येक वेळी रोग्याचे वजन आणि रक्तदाब कागदावर लिहितात. महिन्यातून एकदा त्याच कागदावर वरच्या दोन प्रश्नांची उत्तरेही लिहावीत. एखाद्याने न कळवता एक जरी डायलिसिस चुकवले तरी त्याच दिवशी त्याच्या घरी फोन जावा. यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. सिस्टरच्या किंवा तंत्रज्ञाच्या पाच मिनिटांचे काम आहे. गुरुजींच्या वेळी हा फोन गेला असता, तर कदाचित मी आज ही हकिकत लिहिली नसती.

त्या सोमवारची गोष्ट पुरी करतो. काकांचे हिमोग्लोबिन बरेच खाली होते, ते त्यांच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना कळवले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे होय अशी आली, म्हणून पुढचेही विचारले. मग ते म्हणाले की घरापासून किनारा पाच मिनिटांवर, पण आठ महिन्यांत समुद्र पाहिला नाही. वाटेत भेटणारा प्रत्येक जण दंडावरची फुगलेली शीर पाहतो आणि हळहळतो, म्हणून बाहेर पडणे सोडले. मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते, बाबांना चालवत नाही.

काल संध्याकाळी मी किनाऱ्यावर फिरायला गेलो तेव्हा दोघे सुरूच्या झाडांखाली बसलेले दिसले. काका एकदम बरे झाले असे मी म्हणणार नाही. गोळी सुरू होऊन आठवडाही झालेला नाही. पण ते मुलाला वाडीतल्या कोणत्या झाडाची छाटणी करायची ते सांगत होते, आणि मुलगा ऐकत होता.